मागच्या अंगणातलं अनोळखी झाड: ओळख पटवा, आणि लाकूड स्मोकरमध्ये चालेल का?

रेवा_एनजे
नमस्कार मंडळी. घर मध्य न्यू जर्सीत. मागच्या अंगणात ओहोळाच्या कडेला एक उंच झाड आहे, अंदाजे ६० फूट. वादळात त्याची जाड फांदी मोडून पडली, बुडाशी १० इंच व्यासाची. फांदी कापून बाजूला ठेवली आहे.

दिसतं ते असं: पानं संयुक्त, एका देठावर ७ किंवा ९ पर्णिका, लांबट आणि कडेला बारीक दाते. बुंध्याची साल करडी, भेगा खोल नाहीत, बारीक जाळी पडल्यासारखी. कापलेलं लाकूड बाहेरून पांढुरकं, मध्ये तपकिरी, आणि चांगलंच जड. खाली काही हिरवी फळं पडलीत, लिंबाहून लहान. फोनच्या ॲपने एका फोटोवर ॲश सांगितलं, दुसऱ्यावर ब्लॅक वॉलनट, तिसऱ्यावर ट्री ऑफ हेवन.

प्रश्न: झाड कोणतं? २२ इंची केटलवर (झाकणाच्या गोल कोळसा-ग्रिलवर) चिकन आणि पनीर स्मोक करायला हे लाकूड चालेल का? किती वाळवायचं? शेडच्या मागे आधीच्या मालकांनी रचलेला जुना ढीगही आहे. तो याच झाडाचा असेल का?

कोळसेवाला
फोटो टाका. पान, डहाळी, साल, फळ, चारही वेगवेगळे. आणि नाव पक्कं होईपर्यंत त्यातलं काहीही निखाऱ्यावर ठेवू नका.

पानफुटी
ॲपचा तसा दोष नाही. पानांच्या नुसत्या फोटोवरून ही तिन्ही झाडं सारखीच दिसतात. बरेच जण पर्णिकेलाच पान समजून तिचा जवळून फोटो काढतात, त्यात तर ओळखण्याजोगं काहीच उरत नाही. खालच्या क्रमाने बघा.

पहिलं, डहाळीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पर्णिका नव्हे, अख्खी पानं. पर्णिका तर या सगळ्यांच्याच समोरासमोर असतात. पानाचा देठ जिथे लाकडी डहाळीला चिकटतो तिथे बघायचं; पान जिथून सुरू होतं त्या बेचक्यात डोळा (अंकुर) असतो, पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. अख्खी पानं समोरासमोर असतील तर बहुधा ॲश. एकाआड एक असतील तर ॲश बाद, आणि उरतात हिकरी, वॉलनट, ट्री ऑफ हेवन, सुमाक, लोकस्ट वगैरे.

दुसरं, पेन्सिलीएवढी डहाळी घेऊन धारदार चाकूने उभी चिरा. मधली भेंड (डहाळीचा मऊ गाभा) बघा. वॉलनटच्या भेंडीत आडवे पडदे आणि मध्ये रिकामे कप्पे असतात. हिकरीची भेंड भरीव. ट्री ऑफ हेवनची भेंड रुंद, मऊ, फिकट तपकिरी. ही खूण हिवाळ्यात पानं नसतानाही कामाला येते.

तिसरं, पर्णिकेची कड. ट्री ऑफ हेवनची कड जवळजवळ सरळ असते, फक्त बुडाशी एकदोन बोथट दाते आणि प्रत्येक दात्याच्या खाली एक ग्रंथी, बोटाला फुगीर लागते. तुम्ही कडेभर बारीक दाते म्हणताय, म्हणजे ते झाड मागे पडतं. शिवाय त्याच्या पर्णिका ११ ते २५, कधी त्याहून जास्त.

चौथं, डहाळीच्या टोकाचा डोळा. रंग सांगा. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

ह्यूस्टनकर
ओळख हवीच, पण इतका काथ्याकूट कशाला? पानगळीचं कठीण लाकूड आहे, चीक किंवा राळ नाही, नीट वाळलेलं आहे, की चालतं. ओक, हिकरी, पिकान, सफरचंद यांच्या धुरात फरक असतो, पण लोक मानतात तेवढा नसतो. चव बिघडते ती ओल्या लाकडाने आणि गुदमरलेल्या आगीने. लाकडाच्या जातीने क्वचितच.

पानफुटी
@ह्यूस्टनकर, वाळवणाबद्दल अनुमोदन. पण 'पानगळीचं आणि कठीण' ही चाळणी पुरत नाही. यू हे विषारी झाड सदाहरित आहे, त्यामुळे ते या चाळणीत गळेल. लॅबर्नम मात्र पानगळीचं, कठीण आणि विषारी. कण्हेरीला राळ नसते, तरी तिची काडी कबाबाला टोचायलासुद्धा वापरू नये. पॉयझन सुमाकही पानगळीचंच, दलदलीत वाढतं, पानंही संयुक्त. त्यातला उरुशिऑल (अंगावर फोड उठवणारं तेल) धुराबरोबर फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून आधी नाव, मग वाळवण.

चिंगी
वाचनखूण साठवली. भेंडीचा असाही उपयोग असतो हे आज कळलं, आमच्याकडे फक्त परतून होते :)

रेवा_एनजे
पानफुटी, सगळं बघून आले. पानं एकाआड एक. भेंड भरीव, पांढरट तपकिरी, कप्पे नाहीत. पर्णिकांना बुडाशी ग्रंथी नाहीत. आणि टोकाचा डोळा चक्क पिवळा आहे, हळदीचा हात लागल्यासारखा! लांबट, थोडा चपटा, वरून भुकटी लावल्यासारखा.

पानफुटी
मग बिटरनट हिकरी, शास्त्रीय नाव कॅरिया कॉर्डिफॉर्मिस. गंधकासारखा पिवळा डोळा ही तिची खास खूण, वर्षभर दिसते. ओहोळाकाठची ओलसर जागाही तिलाच शोभते. साल बरीच वर्षं घट्ट आणि उथळ जाळीची राहते. शॅगबार्क हिकरीसारखे लांब पट्टे सुटून लोंबत नाहीत, त्यामुळे 'हिकरी म्हणजे सोललेली साल' एवढंच माहीत असलेले इथे चकतात.

शेवटची पडताळणी फळावर करा. टरफल पातळ असेल, आणि देठाच्या विरुद्ध टोकाकडून चार धारदार कडा निघून साधारण निम्म्यावर विरतील. आतलं कवचही पातळ. गर जिभेच्या टोकाला लावून थुंकला तरी कडवट तुरटपणा कळतो. नावातला 'बिटर' त्या गरापुरता आहे, लाकडाच्या धुराशी त्याचा संबंध नाही.

रेवा_एनजे
फळावर चार कडा आहेत, निम्म्यापर्यंतच. तंतोतंत!

सातारी_कंदी
पत्रिका जुळली. आता मुहूर्त काढा.

कोळसेवाला
मुहूर्त पुढच्या उन्हाळ्याचा :) ताजी हिकरी लगेच वापरायची नाही. ओलं लाकूड निखाऱ्यावर आधी पाणी सोडतं, आग थंड पडते, वायू पुरते जळत नाहीत आणि पांढरा दाट धूर येतो. त्यातलं डांबर अन्नावर बसतं. चिकन काळं दिसतं, जिभेला चरचरतं, आणि लोक म्हणतात हिकरी कडू असते.

वाळवायचं असं.

फांदीचे १२ ते १६ इंचांचे ओंडके करा आणि ते फोडाच. न फोडलेला ओंडका सालीमुळे आतून ओला राहतो, पाणी फक्त दोन टोकांतून जातं. चिरफळ्या ३ ते ४ इंच जाड. हिकरीचे धागे चिवट असतात; ती ताजी असतानाच फोडा, वाळली की कुऱ्हाड अडकते. गाठीचे तुकडे पाचर लावून किंवा करवतीने.

रचताना जमिनीपासून ४ ते ६ इंच उचलून, विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर. एकच रांग, टोकं वाऱ्याकडे. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढली की आत वाफ कोंडते आणि बुरशी येते.

३ ते ४ इंचांच्या चिरफळ्यांना न्यू जर्सीच्या हवेत ९ ते १२ महिने धरा. केटलसाठी थेट ३ इंची ठोकळे करून जाळीच्या पिशवीत टांगले तर ३ ते ४ महिन्यांत बऱ्यापैकी वाळतात. पिशवी जाळीचीच हवी, प्लास्टिकची नको.

लाकडाचं आर्द्रतामापक यंत्र स्वस्तात मिळतं. ठोकळा तेव्हाच फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर, धाग्यांच्या दिशेने सुया टोचायच्या. बाहेरून टोचलं तर १२ दाखवेल आणि आत २८ असेल. १५ ते २० टक्के हवं.

मीनाक्षी_क
यंत्र नसेल तर वजनाने करता येतं. ठोकळ्याच्या मधून एक पातळ चकती कापा, वजन करा. ओव्हनमध्ये २१५ ते २२० अंश फॅरनहाइटवर ठेवा, दर तासाला वजन करा, वजन उतरणं थांबलं की ते कोरडं वजन. फरकाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. २४० ग्रॅमची चकती २०० वर थांबली तर ४० भागिले २००, म्हणजे २० टक्के. त्या ढिगातली चकती असेल तर ढीग वापरायला तयार. ओव्हनपाशी थांबा, लाकूड आत टाकून बाहेर जाऊ नका.

ह्यूस्टनकर
आणि अति कोरडंही नको. फर्निचरवाल्याकडचे भट्टीत वाळवलेले तुकडे ६ ते ८ टक्क्यांवर असतात. ते धुमसत नाहीत, भसकन पेटतात. धूर मिळतो थोडा, उष्णता भलतीच चढते. त्या तुकड्यांत फेव्हिकॉलसारखा गोंद किंवा पॉलिश असेल तर हातही लावू नका.

भटक्या_विमुक्त
मग ढलप्या पाण्यात भिजवायला सांगतात ते कशासाठी? पाकिटावरही लिहिलेलं असतं.

ह्यूस्टनकर
भिजवू नका. तासाभरात पाणी लाकडाच्या वरच्या पातळ थरापलीकडे जात नाही. ते उडेपर्यंत नुसती वाफ निघते, धूर उशिरा सुरू होतो, बस. वर्षभर वाळवून पुन्हा पाणी पाजायचं, हे कुणी सांगितलं? ढलप्या पटकन संपतात अशी तक्रार असेल तर ढलप्या सोडून मुठीएवढे ठोकळे वापरा. गॅस ग्रिलवर ढलप्याच वापरायच्या असतील तर त्या फॉइलमध्ये बांधून फॉइलला दोनतीन भोकं पाडा. हवा कमी मिळाली की त्या पेट घेत नाहीत.

अनुराधा_प
साल काढायची की ठेवायची? कुणी म्हणतं साल कडू, कुणी म्हणतं काही फरक नाही.

कोळसेवाला
वाळलेली, घट्ट बसलेली, स्वच्छ साल राहू द्या. सैल साल ओढून काढा. तिच्याखाली माती, बुरशी आणि किडे असतात. सालीत राख होणारा भाग जास्त असतो, त्यामुळे ठोकळा कमी, साल जास्त असे लहान फांद्यांचे तुकडे चवीला खरखरीत होतात. दीड इंचाखालच्या काड्या पेटवणाला वापरा, धुराला नको.

पानफुटी
सालीवरून महत्त्वाची गोष्ट राहिली. रेवा, त्या फांदीवर किंवा बुंध्यावर केसाळ वेल चिकटलेला आहे का? पूर्व अमेरिकेत झाडावर चढलेला, तपकिरी दाट मुळांनी सालीला घट्ट धरलेला जाड वेल म्हणजे बहुतेक पॉयझन आयव्ही. वेल मेलेला असला, पानं नसली तरी उरुशिऑल वर्षानुवर्षं टिकतो. असा वेल लाकडासकट कधीही जाळू नका, नुसत्या शेकोटीतही नाही. कुळ तेच, ज्यात आपले काजू, बिब्बा आणि आंबा येतात. बिब्ब्याचं तेल अंगावर उतू जाणं म्हणजे काय हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तोच प्रकार श्वासातून.

वेलाची खूण असलेले ओंडके वेगळे काढा. हातमोजे घालून, लांब बाह्यांनी. नंतर हत्यारंही साबणाने धुवा.

रेवा_एनजे
पडलेल्या फांदीवर वेल नाही. बुंध्यावर एका बाजूला केसाळ काहीतरी आहे, त्याला हात लावत नाही. पण शेडमागच्या ढिगात दोन ओंडक्यांवर तसलेच केसाळ पट्टे दिसले.

पानफुटी
ते दोन वेगळे काढा, आणि त्यांना घासून लागलेले शेजारचेही. ढिगाची पूर्ण तपासणी होईपर्यंत त्यातलं काहीही जाळू नका.

वरवंटा
चेनसॉने कापलंय ना? तेलाकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. करवतीच्या साखळीला सतत खनिज तेल लागतं आणि ते कापाच्या दोन्ही तोंडांवर उडतं. स्मोकिंगच्या लाकडासाठी टाकी रिकामी करून त्यात साधं कनोला तेल भरा. उन्हाळ्यात ते व्यवस्थित काम करतं. काम संपलं की टाकीतून काढा आणि साखळी पुसा. नाहीतर काही आठवड्यांत ते घट्ट चिकट होऊन पट्टीची खाच आणि तेलाचं भोक बुजवतं. आधीच कापलेल्या ओंडक्यांची दोन्ही टोकं हातकरवतीने अर्धा इंच उडवा.

नाना_फडणीस
आधीच्या मालकांच्या ढिगात रंगवलेल्या फळ्या किंवा हिरवट लाकूड आहे का तेही बघा. अमेरिकेत घरगुती डेक आणि कुंपणाचं लाकूड २००३ अखेरपर्यंत आर्सेनिकयुक्त रसायनात मुरवलेलं असायचं. ते शेकोटीतसुद्धा टाकू नये, राखही विषारी. पॅलेटच्या फळ्या असतील तर त्यावरचा शिक्का बघा: 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. पण पॅलेटवर पूर्वी काय सांडलं हे कोणताच शिक्का सांगत नाही, म्हणून स्वयंपाकाला दोन्ही नकोत.

मनवा
शाकाहारी मंडळींसाठी हिकरी जड पडते का? पनीरबद्दल कुणीच बोलत नाहीये.

मीनाक्षी_क
जड पडते, म्हणून वेळ कमी. पनीरचे पाऊण इंच जाड काप करा, मीठ लावून तासभर जाळीवर फ्रिजमध्ये उघडे ठेवा. पृष्ठभाग कोरडा हवा. ओल्या पृष्ठभागावर धूर खूप आणि डागाडागाने बसतो. कोळशापासून दूरच्या बाजूला ठेवून, झाकणाखाली २२५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, हिकरीचा एकच लहान ठोकळा, २० ते २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर लगेच खाऊ नका, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या. दुसऱ्या दिवशी धुराचा तिखटपणा खाली बसतो.

लाल मिरच्या आणि सोललेला लसूण याच उष्णतेवर दीड तास. ठेच्याला वेगळीच धार येते. टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर. मीठसुद्धा होतं: जाड मीठ पसरट ताटलीत, दर अर्ध्या तासाने हलवत दोन तास. चीज मात्र या पद्धतीने नाही, ते वितळतं. त्याला ९० अंश फॅरनहाइटच्या खालचा थंड धूर लागतो.

सातारी_कंदी
धूरवाला ठेचा! धागा इथेच सार्थकी लागला.

पुणेरी_मिसळ
थोडं अवांतर. इथे हिकरी नाही, पण बागेत आंबा, पेरू, जांभूळ, चिंच आहेत. छाटणीचं लाकूड निघतं. यातलं काय चालेल? बाभूळ?

पानफुटी
पेरू पहिली पसंती. धूर मध्यम आणि गोडसर, चिकनला उत्तम. हवाईत पेरूचं लाकूड यासाठी आवर्जून वापरतात. चिंच आणि जांभूळ कठीण आहेत, सावकाश जळतात, पण पुरेसे वाळवावे लागतात. आंब्याचा चीक अंगावर उठणाऱ्यांनी ताजं लाकूड हाताळू नये. पूर्ण वाळलेलं सरपण म्हणून सर्रास जळतं, पण ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी धुरासाठी पेरूच घ्यावा.

रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडांतलीच, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. टेक्सासचं प्रसिद्ध मेस्कीट हे तिच्याच प्रजातीगटातलं, प्रोसोपिस ग्लँड्युलोसा. तिचा कोळसा आपल्याकडे ढाबे आणि तंदूरवाले वापरतात. धूर उग्र असतो, तेव्हा जलद भाजायच्या पदार्थांना; चार तासांच्या मंद स्मोकिंगला नको.

कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), रुई, शेर आणि बिब्बा अजिबात नाही. निलगिरीही नको, तिच्या तेलाचा औषधी वास अन्नात उतरतो.

ह्यूस्टनकर
मेस्कीटबद्दल पूर्ण सहमत. नवशिके ब्रिस्केटवर (गोमांसाच्या छातीच्या तुकड्यावर) दहा तास मेस्कीट चढवतात आणि मग कुत्रंही खात नाही. तिथे पोस्ट ओक.

रेवा_एनजे
शेडमागचा ढीग उचलून पाहिला. त्यातले काही ओंडके या फांदीसारखे जड. पण निम्मे तरी हलके आहेत, लाकूड पिवळट पांढरं, साल पातळ, करडी आणि गुळगुळीत, तिच्यावर फिकट उभ्या रेघा. ढिगाजवळ काही रोपंही फुटलीत, सरळसोट, त्यांची पानं तीन फूट लांब. पान चुरगळलं तर खवट शेंगदाण्यासारखा घाण वास.

पानफुटी
हे ट्री ऑफ हेवन. ॲपच्या तिसऱ्या फोटोत बहुधा याचंच पान आलं असेल. आपल्याकडचा महारुख याच प्रजातीगटातला, ऐलॅन्थस एक्सेल्सा. हा ऐलॅन्थस अल्टिसिमा, मूळचा चीनचा. रोपाच्या पर्णिकेच्या बुडाशी ग्रंथी आहे का तेवढी खात्री करा. डहाळीवर गळलेल्या पानाचा व्रण मोठा, हृदयाच्या आकाराचा असतो.

हे लाकूड स्मोकरमध्ये नको. त्यात कडू द्रव्यं असतात आणि अन्नाच्या धुरासाठी ते वापरायची कुठे रीतही नाही. हाताळतानाही मोजे घाला. चीक उघड्या जखमेला लागून त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

आणि रोपं नुसती कापू नका! कापलं की मुळांतून दहा फुटतात. पेन स्टेट एक्स्टेंशनची (पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठाच्या कृषी सल्ला विभागाची) शिफारस अशी, की जुलैपासून पानं पिवळी पडायला लागेपर्यंतच्या काळात तणनाशक द्यावं. तेव्हा झाड अन्न खाली मुळांकडे पाठवत असतं आणि औषध त्याबरोबर उतरतं. झाड वाळल्यावर कापायचं. बुंधा जाड असेल तर सालीत कुऱ्हाडीने अंतराअंतराने तिरक्या खाचा पाडून औषध त्यात सोडतात. खाचांच्या मध्ये जिवंत साल ठेवायची, पूर्ण वेढा घातला तर औषध खाली जाणार कसं?

नाना_फडणीस
आणि त्या ढिगावर स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी शोधा. हा किडा अमेरिकेत २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला, आणि ट्री ऑफ हेवन त्याचं आवडतं झाड. अंड्यांचा पुंजका इंचभर लांब, सुकलेल्या करड्या चिखलाचा लेप दिसतो, सप्टेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत सालीवर असू शकतो. कार्डाने खरवडून अल्कोहोल किंवा सॅनिटायझर भरलेल्या पिशवीत टाका.

हिकरी चांगली निघाली म्हणून दुसऱ्या गावच्या मित्रांना गाडीत भरून द्यायची असेल तर थांबा. सरपण जिथलं तिथेच जाळावं, शक्यतो १० मैलांच्या आत. ॲशची झाडं संपवणारा एमराल्ड ॲश बोरर २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला, आणि तो दूरदूर पसरायचं मोठं कारण हेच, लोकांनी गाडीतून नेलेलं सरपण.

अनुराधा_प
ढिगातली जड हिकरी आणि हलकं ट्री ऑफ हेवन वेगळं कसं करायचं? साल निघालेले तुकडेही असतील.

पानफुटी
फांदीचे तुकडे असतील तर भेंड: हिकरीची बारीक आणि भरीव, ट्री ऑफ हेवनची रुंद आणि स्पंजासारखी. मोठ्या चिरफळ्या असतील तर ताजा काप घेऊन आतलं लाकूड बघा. हिकरीचं लालसर तपकिरी, ट्री ऑफ हेवनचं फिकट पिवळट. सारख्या मापाचे दोन वाळलेले तुकडे हातात घेतले तर वजनातला फरक लगेच कळतो. नखाने दाबून बघा, वाळलेल्या हिकरीवर वळ उठत नाही. तरीही शंका राहिली तर तो तुकडा बाद. हिकरीची अख्खी फांदी हाताशी असताना संशयास्पद तुकड्यासाठी जीव टाकायचं कारण नाही.

ओळख कागदोपत्री पक्की हवी असेल तर रटगर्स को-ऑपरेटिव्ह एक्स्टेंशनची (रटगर्स विद्यापीठाच्या कृषी सल्ला विभागाची) कार्यालयं न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीत आहेत. डहाळी, डोळा, फळ आणि दोन पानं घेऊन जा.

वरवंटा
ढीग जुना असेल तर कूजही तपासा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं धप्प वाजतं. बोटाने भुगा निघाला, पांढरी जाळी दिसली, तर बाद. सालीवरचा दगडफूल-शेवाळाचा पातळ थर खरवडून काढला की चालतं. हिकरीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला पावडरपोस्ट भुंगेरे लागतात, टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. तसं लाकूड जाळायला हरकत नाही, पण घरात किंवा गॅरेजमध्ये रचू नका, फर्निचरला लागेल.

रेवा_एनजे
सगळ्यांचे मनापासून आभार. जुना ढीग पूर्ण बाद करते, वेलाचे ओंडके आहेत म्हणून त्यातली हिकरीही नको. ताजी फांदी फोडून वाळवते. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा: वाळल्यावर २२ इंची केटलवर चिकनला नेमकी किती हिकरी, आणि कशी लावायची?

कोळसेवाला
तंगड्यांसाठी (मांडीसकट) सांगतो.

चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) निम्मा कोळसा पेटवा, वर राख दिसू लागली की केटलच्या एका बाजूला ओता. दुसऱ्या बाजूला पाण्याचं ॲल्युमिनियमचं ताट, चरबी त्यात पडेल. चरबी निखाऱ्यावर पडून उठलेला धूर तब्येतीला वाईट आणि चवीलाही. खालची झडप अर्धी, वरची पूर्ण उघडी. वरची कधीच बंद करायची नाही, उष्णता खालच्या झडपेने सांभाळायची. वरची आवळली की शिळा धूर आत फिरत राहतो आणि तुम्ही वाळवणात घातलेलं वर्ष फुकट.

हिकरीचे दोन ठोकळे, प्रत्येकी ६० ते ७० ग्रॅम, निखाऱ्यांच्या कडेला लागून, मधोमध नाही. कडेला ठेवले की एका बाजूने हळूहळू पेटतात. झाकण लावा, झडप चिकनच्या वर येईल अशी फिरवा म्हणजे धूर तिकडून ओढला जाईल. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर येईल, तेव्हा चिकन बाहेरच. तो विरळ होऊन निळसर झाला, की मांस ठेवा.

झाकणाखाली ३०० ते ३२५ अंश फॅरनहाइट ठेवलं तर ६० ते ७५ मिनिटं. त्याहून खाली गेलात तर कातडं रबरासारखं चिवट होतं. सुरक्षिततेसाठी आत हाडाजवळ १६५ अंश हवेतच, पण तंगडी १८० च्या आसपास जास्त लुसलुशीत लागते. तिसरा ठोकळा टाकायचा मोह आवरा. कोंबडी धूर लवकर घेते.

ह्यूस्टनकर
पहिल्या खेपेला मी एकच ठोकळा म्हणेन, घरात कुणाला स्मोकची सवय नसेल तर. वाढवता कधीही येतो. मटणाच्या रानेला मात्र दोन-तीन ठोकळे खुशाल.

मनवा
आणि सफरचंदाचं लाकूड मिसळलं तर?

कोळसेवाला
छान जमतं. एक ठोकळा हिकरी, एक सफरचंद किंवा चेरी. चेरीने रंगही लालसर येतो. आणि केटल घराच्या व्हिनाइल साइडिंगपासून (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या आवरणापासून) १० फूट तरी लांब, गॅरेजच्या दारात तर नाहीच. पाऊस आला तरी आत ओढायची नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.